रिकाम्या रकान्याचं शून्य

बाळंतपणाच्या रजेवरून बंगळूरच्या ऑफिसात परतले तेव्हा माझी निधी सहा महिन्यांची होती आणि मी चालवत होते ती टीम माझ्याकडे राहिली नव्हती. कारण वर्षाच्या कामाच्या गुणांची सरासरी पाचपैकी दोन आली होती. सहा महिने मी दरमहा चार गुण मिळवले होते. रजेच्या सहा महिन्यांचे रकाने रिकामे. आमचे मॅनेजर नागभूषण सर, त्यांनी सरासरी काढणारी क्वेरी लिहिताना रिकाम्या रकान्याला शून्य धरलं होतं.

मी सांगायला गेले, की रिकामं म्हणजे माहितीच नाही. ते महिने मोजायचेच नसतात, सरासरी चारच येते. सगळे ऐकत होते.

"हे बघ अम्मा," सर कॉफीचा पेला हातातच ठेवून म्हणाले, "घरी झोपून राहिलं की शून्यच मिळतं."

दोघं-तिघं हसले. त्या सहा महिन्यांत मी सलग तीन तास झोपले नव्हते.

मार्चमध्ये टीमने सरांना गुण द्यायचे असतात. फॉर्म नावासकट जातो, म्हणून सगळे मुकाट पाच देतात. सरांची बढती त्यावरच अवलंबून होती, आणि सरासरी काढणारी क्वेरी तीच. कॅन्टीनमध्ये उप्पिट्टाच्या रांगेत मी एकेकाला गाठलं. कमी देऊ नका, म्हटलं, फक्त भरू नका.

चैत्रा घाबरली. "अक्का, कळलं तर?"

"काय कळणार? स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत विसरलीस तू."

बारापैकी दहा जण विसरले. दोघांनी पाच दिले. सरासरी एकाच्याही खाली.

सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. स्वतःचे गुण मोजणाऱ्या क्वेरीला त्यांना हात लावता येत नव्हता. "सहना, क्वेरी जरा नीट कर. भरलंच नाही त्याचं शून्य कसं होईल?"

मी म्हटलं, करते की, पाच मिनिटांचं काम. पण दुरुस्ती गेल्या वर्षापासून लागू होईल, आणि माझे गुण चुकीचे लावले हे तुम्ही वरच्या साहेबांना लिहून द्यायचं.

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर आज सहाला तुमचे गुण आहेत तसे वर जातील. मला पावणेसहाला पाळणाघरात पोचायचंय."

साडेपाचला त्यांनी मसुदा पाठवला. त्यात 'नजरचूक' असं लिहिलं होतं. मी तो परत पाठवला: नजरचूक नव्हे, सांगूनही न सुधारलेली चूक, असं लिहा.

त्या दिवशी क्वेरी नीट करून निघाले, आणि निधीला आणायला मला पहिल्यांदाच उशीर झाला.