एका भावकीचं सुतक

छबूबाईचं आज कशातच मन लागेना. सोमवार म्हणून पहाटे दगडाच्या पिंडीला पाणी घातलं खरं, पण हात विटाळल्यागत वाटला.

कडूबाई परवा वारल्याचा निरोप काल सोनईच्या बाजारातून आला होता. कडूबाई तिची चुलतसासू. एकाच भावकीतली, म्हणजे दहा दिवस सुतक. पण ऐकून छबूबाईनं सुतकाचं पाणी डोईवरून घेतलं नाही. कसली भावकी? त्याच कडूबाईच्या लेकानं, पुंजारामनं, बांधाच्या भांडणात डोकं फोडून तिच्या धन्याचा जीव घेतला होता; त्यापायी तो जेलात गेला. तेव्हापासून त्या घराचं सोयर नाही नि सुतक नाही.

आणि देवाची करणी बघा, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला आली ती नेमकी जेलच्या शेताशेजारी. पाणी उरलं होतं ते तिथल्याच विहिरीला. बायकांनी दुपारी घागर भरून न्यावी, कैद्यांशी अवाक्षर बोलू नये, असा हुकूम. आणि मोट हाकायला पुंजाराम!

तो मान वर करत नसे. बैलांना मात्र गाणं म्हणे,

"चल सर्जा, चल राजा, गाव र्‍हायलं लांब,
माय माझी कशी हाय, कुनी तरी सांग!"

"नाव बैलाचं, नि इचारनं आपल्याला," शेजारी खडी फोडणारी गोजरबाई फणकारली.

"सांगावं का गं त्याला?"

"येड लागलं का तुला? तुझ्या धन्याला दोन शबुद बोलू दिलं का त्यानं?"

खरंच होतं ते. छबूबाई पुन्हा खडी फोडू लागली. पण हातोडा भलतीकडेच पडू लागला. आई जाऊन तिसरा दिवस, आणि लेक गातोय, जेवतोय. त्याला ठाऊक नाही. आपल्याला आहे. मग पाप कुणाच्या माथी?

ती घागर घेऊन उठली.

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर भिंगारचा लालमहंमद जमादार पहाऱ्याला होता. "बाई, पानी भर आन चल. कैद्याशी बोलनं बंद."

"तुमच्याशी तर चालतंय ना, भाऊ?"

"बोल की! माझी बायकू मुबारकबी कुटं थांबतीय?"

"मग घागर तुमीच भरून द्या. मी थारोळ्याला शिवायची न्हाई."

"का गं?"

तिनं घागर खाली ठेवली. त्या घराचं नाव तोंडी घेऊन वर्षं झाली होती.

"मला सुतक हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "आमच्या कडूसासूबाई गेल्या. परवाच्या दिशी."

गाणं तुटलं. मोट अर्ध्यावर लोंबत राहिली, बैल जागच्या जागी उभे.

लालमहंमदनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कैद्याकडे. मग घागर बुडवून बाहेर ठेवली नि पाठ फिरवली. "बैल दमले जनू," तो स्वतःशीच म्हणाला.

पुंजाराम थारोळ्यात उतरला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतू लागला. छबूबाईनं आपली घागर उचलली आणि दुष्काळातलं ते पाणी सगळंच्या सगळं स्वतःच्या डोईवर रिकामं केलं.

निथळत परत आली तेव्हा गोजरबाई बघतच राहिली.

"उद्यापासनं पिंडीला पानी तू घाल, गोजरबाई," छबूबाई म्हणाली. "मला फिटेस्तवर देवाला शिवता यायचं न्हाई."