गुरुवारची मॅकरोनी

माझी बायको मंजिरी गेल्यानंतर मी माझ्या मुलीशी सात महिने खोटं बोललो. ते खोटं मॅकरोनी चीजबद्दल होतं, म्हणून ते लहानच आहे, असं मी स्वतःला समजावत असे. आता तसं वाटत नाही. अर्थात माझ्या मतावर मी स्वतःही फारसा विसंबत नाही.

माझी एकुलती एक मुलगी वरदा लंडनमधल्या वेम्बलीला राहते, शाळेत गणित शिकवते. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाबा, काय खाल्लंत या आठवड्यात?" मार्चमधल्या एका रविवारी या प्रश्नाचं खरं उत्तर 'टोस्ट' असं होतं. चार दिवस टोस्ट, एकदा वरणभात, तोही करपलेला. गप्प राहिलो तर ती ओळखते. मी दर गुरुवारी लायब्ररीतून परत येताना वाटेत 'वीव्हर्स' नावाचा पब लागतो. त्याच्या दारात खडूनं लिहिलेला फळा असतो. तो फळा डोळ्यांसमोर आला आणि मी म्हणालो, "गुरुवारी वीव्हर्समध्ये जेवलो. मॅकरोनी चीज."

"बाबा! एकटे गेलात? तुम्ही?"

तिला आश्चर्य वाटणं साहजिक होतं. रोग्यांशी बोलावं लागू नये म्हणून मी पॅथॉलॉजी घेतली. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो. शहराबाहेरच्या या आमच्या गावात अडतीस वर्षं राहूनही वीव्हर्सच्या दाराला कधी हात लावला नव्हता. पूर्वी सिगरेटच्या धुराचं निमित्त सांगता यायचं. त्याच महिन्यात स्कॉटलंडभर पबमध्ये सिगरेट ओढायला बंदी आली आणि तेही निमित्त गेलं.

पण वरदाच्या आवाजात इतका आनंद होता की पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच केलं. मग दर गुरुवारी फळ्यासमोर उभा राहून बिनमांसाचा पदार्थ शोधायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. विसरायला नको. मॅकरोनी, भाज्यांचा पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेली भाजी, पुन्हा मॅकरोनी. खोटं अगदी गुळगुळीत वाटू नये म्हणून एकदा जोडही दिली, "वाढतात बेताचंच, म्हणून घरी येऊन टोस्ट खाल्ला." ही जोड मला फार खरी वाटली होती. साहेब लोकांच्या घरी जेवायला बोलावलं की दोन बटाटे आणि चार फरसबीच्या शेंगा पानात पडायच्या. पबात याहून वेगळं काय असणार?

ऑक्टोबरच्या सुट्टीत वरदा आली. येण्याआधी फोनवर तिनं स्पष्ट सांगितलं होतं. "यशोधननं खालची खोली रंगवून ठेवलीय. तुम्ही नीट जेवत असाल तर ठीक आहे, बाबा. नाहीतर this time मी ऐकणार नाही. घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं." यशोधन म्हणजे माझा जावई. भला माणूस आहे. नात सान्वीही मला आवडते. वेम्बलीला देऊळ आहे, ईलिंग रोडवर कढीपत्ता मिळतो, कोथिंबीर मिळते, एकट्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं, असं कुणीही म्हणेल. पण तिथे मी पाहुणा असेन, आणि पाहुणा होणं मला कधी जमलेलं नाही. इथे जिन्याची कुठली पायरी वाजते ते मला ठाऊक आहे. मंजिरीची खुर्ची खिडकीशी आहे. संध्याकाळी मी तिच्या समोर बसून वाचतो आणि कुणी विचारत नाही, की बाबा, एकटे का बसलात?

दारात वरदानं मला मिठी मारली, मग एक पाऊल मागे सरून माझ्या कमरेकडे पाहिलं. पट्ट्याला मी कर्कटकाच्या टोकानं दोन जादा भोकं पाडली होती.

"आज गुरुवार आहे ना?" ती म्हणाली. "चला. तुमच्याच पबमध्ये जेवू."

वाटेत मी मुद्दाम हळू चालत होतो. ती मात्र माझ्या हातात हात घालून बोलत होती. सान्वीचं पोहणं, शाळेतल्या हेडची कटकट. वीव्हर्सचं दार मी बाहेर ओढलं. ते आत ढकलायचं होतं. वरदानं ते ढकललं.

आत गरम होतं. भिंतीला गालिच्यासारख्या लालसर कापडाची बाकं, कोपऱ्यात दोन म्हातारे डॉमिनोज खेळत होते. बारमागे साठीची एक दणकट बाई ग्लास पुसत होती. मी खिडकीजवळचं टेबल निवडलं, कोट काढून घडी घातली, आणि सराईतासारखा बसून राहिलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. वेटर येईना. मी मान उंचावून पाहत होतो, हसू आणत होतो. "आज गर्दी दिसते," मी म्हणालो. आमच्याखेरीज आत सात माणसं होती.

"बाबा," वरदा हलकेच म्हणाली, "ऑर्डर बारवर जाऊन द्यायची असते."

"हो, हो. म्हणजे, मला नेहमी... मी जातो."

बारपर्यंतचं अंतर जेमतेम वीस पावलांचं. तेवढ्यात मला मराठी, इंग्रजी दोन्ही भाषा सोडून गेल्या. बाईनं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"फळ्यावाले!" ती म्हणाली. तिचं बोलणं मी मराठीत लिहितो आहे. ग्लासगोची बोली मला अजून लिहिता येत नाही. "आलात एकदाचे आत. आम्हाला वाटलं होतं तुम्ही कौन्सिलचे इन्स्पेक्टर. दर गुरुवारी उभे राहून वहीत लिहिता काय! माझा कुक बिचारा तुमच्यासाठी दर बुधवारी ओव्हन घासतो."

मी मागे पाहिलं. वरदा आमच्याकडेच बघत होती. मग मी आयुष्यात जे कधी केलं नाही ते केलं. एका अनोळखी बाईला खरं सांगितलं. "ती माझी मुलगी आहे," मी पुटपुटलो. "तिला वाटतं मी दर गुरुवारी इथे जेवतो. मी तिला तसं सांगितलंय. नाहीतर ती मला लंडनला नेईल."

बाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग छप्पर उडेल अशा आवाजात म्हणाली, "नेहमीचीच मॅकरोनी ना, डार्लिंग? आणि मुलीला?"

मी परत येऊन बसलो तेव्हा माझे कान तापले होते. "जीन," मी वरदाला सांगितलं. नाव मी तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून वाचलं होतं.

मग ताट आलं. ताट म्हणजे काय, परातच. मध्ये मॅकरोनीचा डोंगर, वर चीज तडतडत होतं, एका अंगाला चिप्सचा ढीग, दुसऱ्या अंगाला लसणाचा पाव, आणि जागा उरली होती तिथे कोबीचं सॅलड. वरदाचं ताटही तसंच. आमच्या लग्नात पंगतीला एवढं एका पानात वाढलं नव्हतं.

वरदा ताटाकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, इथे वाढतात बेताचंच."

"आज जरा... तू आहेस म्हणून असेल."

मी काटा उचलला. आमच्या घरी पानात टाकायची पद्धत नाही. आईनं लावलेली सवय मंजिरीनं चाळीस वर्षं पाळायला लावली. मी खात गेलो. पहिले चार घास भीतीनं खाल्ले. मग काहीतरी झालं. चीज खारट होतं, गरम होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं. दोन वर्षांत मला भूक लागल्याचं आठवत नव्हतं. ती त्या दिवशी निम्म्या ताटावर लागली.

जीन मेजाशी आली, कमरेवर हात ठेवून. "कसं आहे, हेन?" तिनं वरदाला विचारलं. हेन म्हणजे कोंबडी. इथल्या बायका लेकीसुनांना लाडानं तसंच म्हणतात. "तुझ्या बाबांची काळजी करू नकोस. खातात ते! गेल्या गुरुवारी तर अख्खा स्टेक पाय संपवला."

माझा काटा हवेतच थांबला.

स्टेक म्हणजे गोमांस, आणि मी अंडंसुद्धा खात नाही. वरदाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मंजिरीनं माझ्यासाठी वेगळा, बिनअंड्याचा केला होता.

जीनला आमचे चेहरे दिसले असावेत. "सॉस आणते," म्हणून ती निघून गेली. सॉसची बाटली मेजावरच होती.

एक चिप उचलून वरदानं परत ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही इथे कधीच आला नाहीत."

"नाही."

"एकदा पण नाही?"

मी खिशातून वही काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं पानं उलटली. तारखा, पदार्थ, माझं किरटं अक्षर. "सात महिने," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच मला जड गेलं. "मी सगळ्यांना सांगत होते. स्टाफरूममध्ये, सान्वीला. माझे बाबा दर गुरुवारी पबमध्ये जातात, एकटे. किती प्राऊड होते मी. आणि तुम्ही टोस्ट खात होतात."

"कधीकधी वरण."

"बाबा, please."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. "तुला काळजी वाटू नये म्हणून, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. मला घर सोडायचं नाही, म्हणून."

तिनं डोळे पुसले. रुमाल सापडेना, म्हणून पेपर नॅपकिननं. "मी रात्री यशोधनला फोन करते. हे असं नाही चालणार." मी मान हलवली. आणि मी खात राहिलो. ताट तसंच टाकून उठणं, तेही तिच्यासमोर, जमण्यासारखं नव्हतं.

शेवटची चिप संपली तेव्हा जीन पुन्हा हजर. रिकामं ताट उचलून तिनं ते आरशासारखं धरलं. "बघा! आता ॲपल क्रम्बल."

"नको, थँक यू," मी म्हणालो.

या देशात अडतीस वर्षं, मी एकदा 'नको' म्हणालो की भांडं पुढे जायचं. पहिला नकार हा नुसता रीत म्हणून असतो, दुसरा लाजेपोटी, तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, हे इथे कुणाला कसं सांगणार? कितीतरी घरांतून मी अर्धपोटी घरी आलो आणि मंजिरीनं हसत पोहे टाकले.

"थोडंसं," जीन म्हणाली.

"खरंच नको."

"सफरचंदं माझ्या बहिणीच्या बागेतली आहेत," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता क्रम्बलचा वाडगा माझ्यासमोर ठेवला. खाली शिजलेली सफरचंदं, त्यावर पिठाचा भाजलेला गोड चुरा, वर कस्टर्डचं तळं. दोन चमचे.

वरदाच्या तोंडून हुंदका आला असं मला वाटलं. ती हसत होती. "आई," ती म्हणाली. "आई अशीच करायची. नको म्हटलं की डबल."

"तिप्पट," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी तो वाडगा संपवला. मग वरदा उठून बारवर गेली. दोघींची डोकी जवळ आली. जीननं कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि एकदा दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कस्टर्डच्या चमच्याचा फार बारकाईनं अभ्यास केला.

"ख्रिसमसपर्यंत," परत येऊन वरदा म्हणाली. "दर गुरुवारी इथे जेवायचं. साडेबाराला. नाही आलात तर जीन मला फोन करणार. तिच्याकडे नंबर दिलाय. आणि इतर दिवसांचंही मला खरं सांगायचं. टोस्ट तर टोस्ट."

"आणि ख्रिसमसनंतर?"

"तो पट्टा बघून ठरवू."

पुढच्या गुरुवारी वरदा वेम्बलीला परतली होती. मी लायब्ररीतून निघालो आणि फळ्यासमोर येऊन थांबलो. सवयीनं वही बाहेर काढली. आत सात माणसं असतील का? डॉमिनोजवाले मान वर करतील का? ती बाई त्या दिवशी फक्त दया म्हणून चांगली वागली असेल तर? पुढच्या आठवड्यापासून सुरू केलं तर काय बिघडतं, असंही मनात आलं.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. आतून जीन बोटानं बारकडे खुणावत होती.

मी दार ढकललं.

रविवारी सकाळी फोन वाजला. "बाबा, काय खाल्लंत?"

"मॅकरोनी."

"ते गुरुवारी. आज काय?"

"तीच," मी म्हणालो. "माझ्याच्यानं ताट संपलं नाही. जीननं उरलेलं डब्यात भरलं, वर तिच्याकडचं आणखी घातलं. अजून एका वेळेचं आहे."

पलीकडून वरदाचं हसू ऐकू आलं, आणि मग तिनं सान्वीला हाक मारली, "इकडे ये, आजोबांना विचार, डबा केवढा होता."