मोहरीएवढा हिरा

मी एक जुना हिरा आहे. लगेच डोळे विस्फारू नका, मित्रांनो. मी अंगठीतला नव्हे. रंगाने धुरकट, आकाराने मोहरीएवढा. दागिन्यासाठी नापास ठरलो, म्हणून एका कारागिराने मला पितळी टोकात बसवून लाकडी मूठ लावली आणि मी काचवाल्याच्या हाती आलो.

लोकांना वाटते, हिरा काच कापतो. तसे नाही. मी फक्त बारीक रेघ ओढतो. मग दाब दिला की काच त्या रेघेवर तुटते. रेघ एकदाच ओढायची, हा या कामाचा पहिला नियम. तिच्यावरून पुन्हा गेले तर काच बिघडते आणि माझे टोकही झिजते.

काचवाला दिवसभर खिडक्यांची तावदाने कापी. त्याची बायको पाणी घालून दगडावर त्यांच्या कडा घाशी. तिच्या बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या असत.

"अहो वहिनी, ही कड चौकटीत जाणार. कोण बघतंय?" गिऱ्हाईक घाई करी.

"उद्या फुटली तर काढणाऱ्याचा हात तिथंच लागेल ना?" ती म्हणे, आणि घासत राही.

त्यांची मुलगी दहा वर्षांची. शाळेत तिच्या शेजारी सराफाची मुलगी बसे. आमच्याकडेही हिरा आहे, असे आमच्या पोरीने एकदा बोलून टाकले, आणि ते खरे करायला दुसऱ्या दिवशी मला न विचारता दप्तरातून नेले. सराफाची मुलगी हसून हसून बाकावर आडवी झाली.

"हा हिरा? धान्य निवडताना सापडला का गं?"

पोरीला ते झोंबले. काच कापून दाखवायची, पण आधी आपली खात्री करावी, म्हणून मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना तिने मला खिडकीच्या तावदानावर वरपासून खालपर्यंत ओढले. काच तुटली नाही. मग तिने जोर लावून त्याच रेघेवरून मला पुन्हा ओढले. तरीही काही झाले नाही. हिरमुसून तिने मला घरी नेऊन पेटीत ठेवले.

पुढचे मी मागाहून ऐकले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. सराफाच्या मुलीने उठून खिडकी लावली, आणि तावदान दुभंगून खाली आले.

"आपटलीस ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. ती नाही नाही म्हणत असताना त्यांनी तिला दाराबाहेर उभे केले आणि काचवाल्याला बोलावणे धाडले.

मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो. त्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला. मग आपल्या मुलीला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाला, "वाऱ्यानं फुटलेली काच वेडीवाकडी जाते. ही सरळ गेलीय, आणि रेघेची कड खरबरीत आहे. दोनदा ओढलीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"बाबा, तुम्ही सांगणार बाईंना?"

"मी कशाला? काच बसवणं माझं काम. बोलणं तुझं."

"सगळे हसतील. म्हणतील, काचवाल्याच्या पोरीनंच काच फोडली."

"म्हणू देत. खोटं कुठं आहे?"

एवढे बोलून तो चौकट साफ करू लागला. पुन्हा तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही. तो निवांत दिसत होता, पण त्याच्या छातीचे ठोके मला मोजता येत होते. ते चांगलेच वाढले होते.

मुलगी बाईंपाशी गेली आणि सगळ्या वर्गासमोर बोलली. दोघे-तिघे हसलेच. सराफाची मुलगी आत आली, आणि पुढे चार दिवस आमच्या पोरीशी बोलली नाही.

"जाऊ द्या, लहान आहे," बाई काचवाल्याला म्हणाल्या.

"लहान आहे म्हणून तर. बसवतो मी, पण पुसणार ती."

नवे तावदान बसले. मुलीने बोटांचे ठसे पुसले, पुन्हा पुसले.

"झालं का नीट?"

"तुला काच दिसतेय?"

ती पुढे वाकली, मागे झाली. "नाही."

"मग झालं."

मित्रांनो, आता माझे टोक बोथट झाले आहे आणि मी एका खणात पडून असतो. माझी काळजी करू नका. हिरा आहे, टिकेन. पण आज ज्या खिडकीतून बाहेर बघाल, तिची काच कोणी बसवली, हे घरी विचारून पाहा. बहुधा कुणालाच आठवणार नाही. ती खिडकी तेवढी जपून लावा.