प्रश्न वगदीला, उत्तर काकाचं

शहाताची सगळ्यात वाईट खोड कोणती, असं कुणी विचारलं असतं तर हजयात्रा केलेल्या हज्जा इन्शिराहनं दम न घेता सांगितलं असतं: प्रश्न दुसऱ्याला, उत्तर ह्याचं. दिराच्या या तोंडाळपणाचं तिला आधी हसू यायचं. कैरोच्या कडेला डोंगराखाली संगमरवर कापणाऱ्या त्या वस्तीत रीतच तशी. वडीलधाऱ्यानं बोलायचं, लहानानं मान खाली घालून उभं राहायचं. पण यंदा त्या रीतीपायी तिच्या वगदीचा डोळा पणाला लागला.

वगदी तिचा धाकटा. नवऱ्यामागं कारखाना अर्धा तिचा, अर्धा शहाताचा, पण हुकूम चालायचा शहाताचा. वगदी फरश्यांच्या कडा घासायचा. पाणी सोडून घासलं की धूळ बसते, पण मग चिखल उपसावा लागतो. म्हणून शहातानं नळच बंद ठेवलेला. माणसं पिठात लोळल्यासारखी घरी यायची. डोळा लाल झाला तर कुणाला काही वाटायचं नाही. थंड चहात बुडवलेलं फडकं ठेवायचं, की झालं.

वगदीला फडक्यानं उतार पडेना. डोळा आतून ठणकायचा, खिडकीतला उजेड सुईसारखा टोचायचा, आईचा चेहरासुद्धा धुरकट दिसायचा. शेवटी शहाता त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. त्यांनी विचारलं, "आणखी काही दुखणं? पोटाचं, सांध्यांचं?"

शहाता म्हणाला, "छे हो! खेचरासारखा दणकट आहे. धूळ गेलीय, दुसरं काय?"

आणि पोराच्या आतड्यांना तर तीन वर्षं सूज! रक्त पडायचं, रोजच्या बीन्सची उसळही पचत नव्हती, इस्पितळाच्या गोळ्या चालू होत्या. पण वस्तीत कळलं तर मुलगी कोण देईल, ही शहाताची काळजी. बाईंनी धुळीवरचे थेंब दिले. आठवडा गेला, नजर आणखी गढूळ झाली.

"तू का नाही बोललास?" हज्जानं विचारलं.

"काका बोलत होते ना, आई."

"डोळा काकाचा होता का रे, गाढवा?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याला घेऊन गेली. बाईंनी तोच प्रश्न केला. हज्जाचं तोंड उघडलंच होतं. तिनं ते मिटलं आणि पोराला कोपरानं ढोसलं. "बोल. पोट तुझं आहे."

वगदी कानापर्यंत लाल झाला, पण सगळं बोलला. बाईंनी त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आतड्यांच्या या आजारात काहींच्या डोळ्यांतही आतून सूज येते. बाहुली मागच्या भिंगाला चिकटायला लागलीय. धुळीनं हे आणलं असं मी म्हणणार नाही. पण धुळीनं डोळा चिडला आणि मीही धुळीवरच थांबले. हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

"नजर येईल?"

"बरीचशी येईल. सगळी येईल असा शब्द देत नाही."

सगळी नाही! घरी येईपर्यंत हज्जाची कानशिलं तापली होती. अंधारलेल्या खोलीत तिनं वगदीच्या डोळ्यात औषध घातलं, तोच शहाता पेरूंची टोपली घेऊन दारात.

"कसा आहे आमचा वाघ?"

"पेरू आणलेस? आतडी सुजलेल्या पोराला बियांचे पेरू?"

"वहिनी, मला काय ठाऊक..."

"रक्त पडतंय हे ठाऊक होतं, शहाता. ते गिळलंस."

"त्याच्याच भल्यासाठी! उद्या लग्न जमवायचं म्हटलं तर लोक..."

"लोक! बायकोचं तोंड दिसायला नको त्याला?"

शहाता वगदीकडं वळला. "सांग रे तिला, तुला माझा काही राग..."

"राग आहे, काका," वगदी म्हणाला.

शहातानं टोपली खाली ठेवली. हज्जा उठली, दारापाशी गेली आणि शेजारच्या गच्चीवरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक, शहाता. पोराची नजर धुळीनं नाही, तुझ्या लाजेनं खाल्ली. आता निम्म्या कारखान्याची मालकीण बोलतेय: नळ उघडेपर्यंत एकही यंत्र फिरणार नाही, आणि चिखल उपसायला पहिलं फावडं तू धरायचंस."