आमचा गोल, त्यांची टाळी

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. रंग तांबडा, अंग साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? तर ऐका. 'लास्ट बस' या जगप्रसिद्ध रॉक बँडबरोबर मी गावोगाव वाजलो आहे. मैदानं गच्च भरायची, लोक बेभान व्हायचे, आणि त्या गदारोळात मीही वाजत असायचो. फक्त माझा आवाज एकाच माणसाच्या एकाच कानात जायचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी कुठल्याही फुटबॉल क्लबचा नाही. दोन्ही बाजूंचा स्कोअर सांगणं हे माझं काम, म्हणून मी अगदी निःपक्षपाती आहे. थॉर्नबेक रोव्हर्स हा पृथ्वीवरचा सर्वांत चांगला क्लब आहे, हे माझं मत नाही. ती नुसती वस्तुस्थिती आहे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायका गप्पा मारत मारत आमच्या तारांना डाख द्यायच्या. जिने मला जोडलं ती काम करता करता गात होती, त्यामुळे गाणं माझ्या रक्तातच आहे. रक्तात म्हणजे आपलं, तारांत.

थॉर्नबेकच्या दुकानातून मला वॉल्टर ड्रॅन्सफील्ड यांनी घेतलं. ते किटल्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकायचे. गावातले निम्मे लोक तेच करायचे, म्हणून रोव्हर्सच्या खेळाडूंना सगळे 'किटलीवाले' म्हणतात. पत्रा ठोकून ठोकून वॉल्टर यांचे कान पार गेले होते.

"ऐकू येत नाही तर हा कशाला घेता?" दुकानदाराने मोठ्याने, तोंड नीट उघडून विचारलं.

"कानासाठी नाही घेत," वॉल्टर म्हणाले. "गुडघ्यासाठी घेतो."

दुकानदाराला वाटलं, म्हातारा चळला. मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. पण शनिवार आला आणि मला सगळं समजलं.

रोव्हर्स गावात खेळत असले की वॉल्टर मैदानावर जाऊन डोळ्यांनी सामना बघायचे. रोव्हर्स परगावी गेले की पंचाईत व्हायची. मग त्यांचा मुलगा नेव्ह स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी बसायचा. एका हाताने मला कानाशी धरायचा आणि दुसऱ्या हाताने बापाच्या गुडघ्यावर सामना वाजवायचा. बोटं पळाली की चेंडू पुढे निघाला. अंगठा फिरला की कॉर्नर. टिचकी बसली की आपल्यावर गोल झाला. आणि पूर्ण पंजाची सणसणीत थाप पडली की आपला गोल! वॉल्टर ताडकन उठायचे आणि टेबलावरचा चहा सांडायचा.

"हळू रे, कार्ट्या! गुडघा आहे माझा, किटली नाही!" ते ओरडायचे. पण पुढच्या शनिवारी पुन्हा तोच गुडघा पुढे करून बसायचे.

मित्रांनो, पुढे मोठमोठ्या लोकांनी नेव्हला विचारलं, तू ड्रम वाजवायला कुठे शिकलास? तो नुसता हसायचा. मला मात्र उत्तर ठाऊक होतं.

त्या घरात चहाला आणखी एक पोरगा यायचा. मॅल्कम ऑग्डन, म्हणजे मॅल. गळा असा की ऐकत राहावं. पण जन्माने तो टेकडीपलीकडच्या कॉल्डनचा आणि कॉल्डन सिटीचा कट्टर. आपल्या या दोन गावांचं वैर त्या टेकडीइतकं जुनं आहे. मॅल गळ्यात निळा मफलर घालून आला की वॉल्टर दारातच अडवायचे.

"तू आत ये. ते निळं फडकं बाहेर टांग."

"बाहेर पाऊस आहे, काका."

"म्हणूनच म्हणतो. धुऊन तरी निघेल."

मॅल निमूटपणे मफलर दाराच्या कडीला अडकवून आत यायचा, पाईचा सर्वांत मोठा तुकडा उचलायचा आणि गुडघ्यावरचा तो सामना डोळे मोठे करून बघत बसायचा. "काका, कधीतरी आमच्या गोललाही थाप द्यायला सांगा की," तो म्हणायचा. "तुमच्यासाठी टिचकी आहे ना," वॉल्टर म्हणायचे.

याच दोघांनी पुढे 'लास्ट बस' काढला. मॅल गायचा, नेव्ह ड्रम वाजवायचा. आणखी दोघे होते, पण ते क्रिकेटवाले, त्यांचं सोडून देऊ. सगळा कारभार बेरिल हॉटन बाईंकडे होता. वॉल्टर यांनी मला नेव्हच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जगभर जा, पण मॅच चुकवू नकोस." तेव्हापासून नेव्हच्या खिशात मी, आणि माझी वायर त्याच्या शर्टातून वर डाव्या कानात.

आठवड्यातल्या सामन्यांची वेळ संध्याकाळची, आणि बँडचीही तीच. त्यामुळे काय काय घडायचं म्हणून सांगू! रोव्हर्सनी गोल केला की नेव्हचा हात आपोआप मोठ्या झांजेवर पडायचा, गाण्यात तिथे झांज असो वा नसो. एकदा शेवटच्या मिनिटांत आमच्यावर, म्हणजे रोव्हर्सवर, कॉर्नरवर कॉर्नर येत होते, तर नेव्हने सावकाश गाणं असं पिटाळलं की मॅलला श्वास घ्यायला जागा उरली नाही.

"नेव्हिल," बेरिल बाई नंतर म्हणाल्या, "त्या गाण्यात प्रेयसी सोडून गेली आहे. गाडी सुटत नाहीये."

"बाई, आम्ही एका गोलने पुढे होतो हो. तुम्हीच सांगा, मी काय करणार?"

आणि मॅल? तो दोन कडव्यांच्या मध्ये पाणी प्यायच्या निमित्ताने ड्रमपाशी यायचा आणि ओठ न हलवता विचारायचा, "आमचं काय?"

"तुमचं वाटोळं," नेव्ह म्हणायचा.

मग मॅल पुढे जाऊन दुःखाचं गाणं असं गायचा की समोरच्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. समुद्रापलीकडे गेलो की माझ्यात खरखरीशिवाय काहीही लागत नसे. तरी नेव्ह मला कानात घालूनच बसायचा. ते दिवस आठवले की माझ्या जुन्या तारा अजून गरम होतात. फार सुखाचे दिवस होते ते!

आता मुख्य गोष्ट. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे 'चहा निवला'. घरातलं माणूस निघून गेलं आहे, टेबलावर कप तसाच आहे, असं हळवं गाणं. ते ध्वनिमुद्रित झालं शनिवारी दुपारी, आणि नेमका त्याच वेळी थॉर्नबेक आणि कॉल्डन यांचा सामना चालू होता. नेव्हच्या एका कानात गाणं, दुसऱ्या कानात मी. मॅलने शेवटचा शब्द लांबवला, सगळी वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत मी सांगितलं, गोल! थॉर्नबेकचा गोल!

धडाम! झांज वाजली.

पुन्हा करू, असं कुणी म्हणण्याआधीच बेरिल बाई डोळे पुसत आत आल्या. "नेव्हिल, हे तुला सुचलं तरी कसं? याला कुणी हात लावायचा नाही." नेव्ह बिचारा काय बोलणार? एका समीक्षकाने लिहिलं की त्या आवाजात हृदय फुटल्याचं ऐकू येतं. फुटलं होतं ते कॉल्डनच्या गोलकीपरचं नशीब.

गाणं जगभर गेलं. आणि त्यातली खरी मेख अशी की मॅलच्या प्रेमापोटी कॉल्डन सिटीने ते आपलं गाणं केलं. त्यांच्या मैदानावर खेळाडू बाहेर येताना तेच लागायचं. ती शांतता यायची, मग धडाम, आणि त्याच क्षणी सगळं मैदान एकसाथ टाळी वाजवायचं. निळे मफलरवाले हजारो लोक, दर सामन्याला, आमच्या गोलवर टाळी वाजवत होते! मी निःपक्षपाती आहे, पण हसू येतं हो.

नेव्हने हे कित्येक वर्षं पोटात ठेवलं. पण कॉल्डनने मैदानाच्या मधोमध मॅलचा सत्कार केला, तेव्हा शेजारी नेव्हही उभा होता. गाणं लागलं. टाळी पडली. मॅलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेव्हला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मॅलने खोदून खोदून विचारलं, आणि बाहेर गाडीपाशी नेव्हने सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं, मॅलही हसेल.

मॅल हसला नाही. "माझी माणसं मनापासून टाळ्या वाजवतात, आणि तू इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून त्यांना हसत होतास?"

"अरे, गंमत आहे ती!"

"तुझी गंमत. आता दर शनिवारी मी तिथे बसून काय करू? लोकांना सांगू? की मीही टाळी वाजवू?"

तो निघून गेला. त्याने कुणालाही सांगितलं नाही, म्हणून टाळी चालूच राहिली. बँड मात्र थांबला. दोघांचं बोलणं थांबलं ते वर्षानुवर्षं.

पुढे नेव्हचेही कान गेले. झांजांनी त्याचं तेच केलं जे पत्र्याने वॉल्टर यांचं केलं होतं. कानातलं यंत्र घातलं तर ते शिट्ट्या मारायचं. वॉल्टर तर कधीच देवाघरी गेले होते. नेव्हने मला टेबलाच्या खणात ठेवलं, काट्या-चमच्यांच्या मागे, आतले सेल तसेच ठेवून. मित्रांनो, सेल पाझरले. माझ्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट बुरा चढला. मला त्याचा राग आला नाही. पण शनिवारी दुपारी तीन वाजले की तो वर टेबलाशी एकटा बसलेला असायचा, आणि मी खाली अंधारात. दोघेही मुके. तेवढं मात्र सोसवत नसे.

फुटबॉल तो पाहू शकत होता, पण गावातलाच. म्हातारपणी गुडघा दुखू लागला होता, परगावच्या मैदानाच्या पायऱ्या चढवत नसत. आणि इकडे नियमच असा, की शनिवारचा तीनचा सामना टीव्हीवर दाखवत नाहीत. "फोनवर स्कोअर येतो," तो बेरिल बाईंना म्हणाला, "पण मॅच येत नाही." घरी जाऊन त्यांनी एक फोन केला.

पुढच्याच शनिवारी कॉल्डनला सामना होता. कॉल्डन विरुद्ध थॉर्नबेक. दुपारी नेव्हचं दार वाजलं. ते त्याला ऐकू कुठून येणार? शेवटी खिडकीत एक टकलं डोकं दिसलं. मॅल! वर्षभराची जागा राखून ठेवलेली, वर्षातला सर्वांत मोठा सामना स्वतःच्या मैदानावर, आणि हा गडी टेकडी ओलांडून इकडे.

दारात त्याने गळ्यातला निळा मफलर काढला आणि बाहेर कडीला अडकवला. नेव्ह त्या मफलरकडे बघतच राहिला.

"तो कुठे आहे? तांबडा?" मॅलने विचारलं.

"तोंड दिसू दे, मग बोल. तू गायचास तेव्हाही काय म्हणतोस ते कळत नसे."

नेव्हने बोट दाखवलेला खण उघडून मॅलने मला बाहेर काढलं. "अरे देवा, काय दशा केलीस याची!" सुरीने त्याने माझ्या पट्ट्या खरवडल्या, नवे सेल घातले. खटका दाबला. आधी खरखर झाली. मग माझा घसा मोकळा झाला. इतक्या वर्षांनी बोलताना मला रडू येत होतं, पण माझं रडणंही खरखरीसारखंच ऐकू येतं.

मॅलने मला कानाशी धरलं, खुर्ची ओढली आणि दुसरा हात नेव्हच्या गुडघ्यावर ठेवला. नेव्ह दचकला. त्या गुडघ्यावर असं कुणी कधीच वाजवलं नव्हतं. वाजवणारा नेहमी तोच असायचा.

कॉल्डनच्या मैदानावर गाणं लागलं. मॅलची बोटं हलके हलके चालू लागली, मग थांबली. शांतता. आणि नेव्हच्या गुडघ्यावर पूर्ण पंजाची थाप बसली.

नेव्हने मान वर केली. "हा गोल जुना आहे, मॅल."

"ठाऊक आहे," मॅल म्हणाला. "पण त्याची थाप मी अजून दिली नव्हती."

मग सामना सुरू झाला. बोटं पळत होती, अंगठा फिरत होता. कॉल्डनने गोल केला तेव्हा मॅलने एवढी जोरात टिचकी मारली की नेव्हने शिवी हासडली. मग रोव्हर्सनी बरोबरी केली आणि थाप आली, जरा नाइलाजाने, पण आली. चहा सांडला. वॉल्टर असते तर खूश झाले असते.

शेवटचं मिनिट. आमचा कॉर्नर. अंगठा फिरला. चेंडू उंच आला, आणि मी ओरडलो. मी काय ओरडलो ते त्या खोलीत मॅलशिवाय कुणालाही ऐकू गेलं नव्हतं. त्याचा हात हवेत थांबला. माझ्यातून कॉल्डनचं मैदान चिडीचूप झालेलं ऐकू येत होतं. नेव्ह त्या हाताकडे डोळे लावून बसला होता, जसे एके काळी वॉल्टर बसायचे.

मॅलने डोळे मिटले आणि सगळा जोर काढून थाप मारली.

नेव्ह ताडकन उठला, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि त्याने मॅलला मिठीच मारली. "सोड, सोड! हरलोय आम्ही!" मॅल ओरडत होता, आणि हसत होता, आणि मी त्या दोघांच्या मध्ये चेंगरून वाजत होतो.

हल्ली रोव्हर्सचा सामना परगावी असला की मॅल इकडे येतो. कॉल्डनचा सामना परगावी असला की नेव्ह टेकडी ओलांडून त्याच्याकडे जातो आणि घोटभर चहावर मॅलचं रडगाणं सोसतो. मी खिशात असतोच.

मित्रांनो, ट्रान्झिस्टर ठेवून द्यायचा असेल तर त्यातले सेल काढून ठेवा. आपल्या कानांना जपा. आणि समोरच्या क्लबचा एक तरी मित्र राखून ठेवा. त्याच्याशी खुशाल भांडा, पण त्याला खणात टाकू नका. आपण जिंकल्याचं आपली माणसं सांगतातच हो. पण स्वतः हरल्यावरही आपल्याला थाप देणारा एखादाच असतो.