स्पीकरवर मारलेली मूठ

दानम्माचा स्पीकर मुका झाला, आणि तोही कुठल्या रविवारी, तर ज्या रविवारी तिचा नवरा एकदाचा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत येऊन बसला त्याच रविवारी.

त्या खुर्चीत बसायला सिद्धलिंग अण्णांना दोन वर्षं लागली होती. लेकीनं, सौंदर्यानं, साखरपुडा झाल्यावर मुरगूडचं स्थळ मोडलं आणि ऑस्ट्रेलियात शिकायला निघून गेली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता. गुळाच्या बाजारात कुणी लेकीचं विचारलं की ते ढेपा बघायला लागत. घरात तिचा फोन आला की पायात चपला सरकवून बाहेर पडत. दानम्मानं हट्टानं कॉम्प्युटर घेतला, ब्रॉडबँड घेतलं, खालच्या मजल्यावरच्या केबलवाल्या बाळासोच्या मागं लागून चॅटिंग शिकली आणि रोज जेवणं झाली की एकेक अक्षर शोधत लेकीशी टाइप करून बोलू लागली. अण्णा पलीकडं पेपर धरून बसत. पेपराचं पान मात्र काही उलटत नसे.

मग एक दिवस तेच म्हणाले, "ह्यात बोलल्यालं बी ऐकू येतं म्हनं. रविवारी लाव. मी काय बोलणार न्हाय, आधीच सांगतो. नुसता बसतो."

दानम्माला त्यातली मेख कळली होती. फोन कानाला लावला की माणसाला बोलावंच लागतं. स्पीकरचं तसं नाही; हाताची घडी घालून नुसतं ऐकता येतं आणि अब्रूही शाबूत राहते. म्हणून तर ती त्याच दिवशी जाऊन माईक आणि स्पीकरची जोडी घेऊन आली. आणि आता ते दोन काळे डबे हिरवा दिवा लावून गप्प बसले होते. पडद्यावर जोडलं गेल्याचं दिसत होतं, सौंदर्याचं नाव दिसत होतं, आवाज तेवढा नव्हता. अण्णा एकदा उठले की परत बसायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाळासो! अरं ए बाळासो!" तिनं जिन्यातून हाक मारली.

बाळासो तोंडात घास आणि हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर आला. आपल्याला कुठल्या यंत्रातलं कळत नाही असं या माणसानं कधी कबूल केलंच नव्हतं. त्यानं आधी स्पीकरला टपली मारली. मग उचलून कानाशी हलवला. मग मागच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि होत्या तिथंच परत खोचल्या.

"काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

"करंट तर येतोय की, अण्णा."

"ते मला बी दिसतंय. आवाज का येत न्हाय?"

"त्येच बघायलोय की."

त्यानं माऊस हातात घेतला आणि पडद्यावर एकावर एक इतक्या खिडक्या उघडल्या, की सौंदर्याची खिडकी त्यांच्याखाली कुठंतरी गाडली गेली. दानम्मा म्हणाली, "अरं, तिची खिडकी कुठं गेली?" तो म्हणाला, "हाय, हाय, खाली हाय." हे असं गेल्या गणपतीत टीव्हीच्या वेळीही म्हणाला होता, आणि टीव्ही शेवटी दुकानातच न्यावा लागला होता.

दानम्मानं नणंदेला पिटाळलं. "आक्का, ज्याच्याकडनं ह्यो काम्प्युटर घेतला त्याला फोन लावा. नंबर भिंतीवर लिवलाय."

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. निम्मं आयुष्य सीमेपलीकडं गेलेलं, त्यामुळं घाबरली की कानडीत घाबरायची. ती आतल्या खोलीत फोनवर बराच वेळ ओरडत राहिली आणि छातीवर हात ठेवूनच बाहेर आली.

"अय्यय्यो सिद्धू! त्यो म्हनतोय मूठ असंल!"

"काय असंल?"

"मूठ! बघा म्हनला, कुणीतरी मूठ केली असंल. करणीच की ही! कान दिऊन ऐकलंय मी."

आता दुसरं कुठलंही घर असतं तर कुणीतरी हसलं असतं. इथं बाळासोनं मान डोलावली. "व्हय की. मागल्या गल्लीतल्यास्नी बी काम्प्युटर घ्यायचा हुता. तुमचा आधी आला."

"बाळासो, तू वायरी बघ!" दानम्मा कडाडली.

पण आक्का तोवर स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती. ती मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि कानडीत पुटपुटत स्पीकरवरून ओवाळायला लागली. तिसऱ्या फेरीला मूठ सैल झाली आणि अर्ध्या मोहऱ्या की-बोर्डात गेल्या. बाळासोनं त्या काढायला की-बोर्ड उलटा करून आपटला, त्याबरोबर पडद्यावर आणखी चार खिडक्या उघडल्या.

"बास!" अण्णा खुर्चीतून उठले. "बास करा ह्यो तमाशा! एक डबा वाजवाय येईना तुमास्नी! उचल त्यो स्क्रू ड्रायव्हर आन् जा घरला, बाळासो. आक्का, ते मीठ चुलीत घाल. मी निघालो."

दानम्माचंही डोकं फिरलं. दोन वर्षं तिनं या माणसाच्या कलानं घेतलं होतं, आणि आता हा स्पीकरवर राग काढून चपला शोधत होता.

"जावा की!" ती म्हणाली. "दोन वरसं तुमचं तोंड बंद हाय, तवा न्हाय कुणी तमाशा म्हनलं. आज ह्या डब्याचं तोंड बंद झालं, तर केवढा ताप! तुम्हाला तर बरंच झालं की. ऐकायची पाळी टळली!"

"टळली?" अण्णा दारातून मागं फिरले. त्यांचा आवाज चढला. "टळली म्हंतीस? अगं, तिचा आवाज ऐकायचाय मला! बाकी काय नगं. ह्या घरात दोन वरसं कुणी मोठ्यानं हसल्यालं न्हाय. चुकलं माझं! नगं म्हनत हुती पोरगी त्यो नवरा, तर नगं म्हनायचं. मी बाजाराची तोंडं बघत बसलो, माझ्या पोरीचं न्हाय बघितलं. आता कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी, तू सांग!"

आक्कानं मिठाची मूठ तशीच घट्ट धरून ठेवली. अण्णा रडके नव्हते, आणि दानम्माला आता त्यांच्याकडं बघवेना. बाळासोला तर कुठं बघावं तेच कळेना; म्हणून तो पडद्याकडं वळला आणि काहीतरी करायचं म्हणून एकेक खिडकी बंद करत गेला. सगळ्यात खाली सौंदर्याची खिडकी निघाली. ती ओळींनी भरली होती.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "हे वाचा की."

दानम्मानं चष्मा लावला.

"अव्वा, माईक चालू आहे. मला इकडं सगळं ऐकू येतंय."

त्याखाली होतं, "आक्काला सांग, म्यूट म्हणाला असेल तो. मूठ नव्हे. आवाज बंद केलाय कुणीतरी."

त्याखाली, "खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे. त्यावर तांबडी खूण असेल, ती काढा."

आणि शेवटच्या ओळीत एकच शब्द होता, बापाला मारलेली हाक. "अप्पा".

"काय लिवलंय?" अण्णांनी विचारलं. दानम्मानं सगळं वाचून दाखवलं, शेवटचा शब्दसुद्धा. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

बाळासोनं कोपऱ्यातली तांबडी खूण शोधली आणि कपाळावर हात मारून घेतला. "तिच्या मायला! अण्णा, तुम्हीच न्हाय का परवा म्हनला, राच्च्याला टुंग टुंग वाजतंय, आवाज बंद कर म्हनून? मीच बंद केला की ह्यो!"

दानम्मा त्याला नंतर बघणार होती. त्यानं टिचकी मारली, स्पीकर एकदा खरखरला, आणि पुन्हा सगळं शांत झालं. आता तांबडी खूण नव्हती, दिवा हिरवा होता, तरी आवाज नाही. बाळासोनं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"अजून कायतरी बिघाड हाय."

दानम्मानं त्याच्या हातावर फटका मारला. "काय बिघडल्यालं न्हाय. गप ऱ्हा."

मग सगळ्यांनाच ऐकू आलं. तिकडं कुणीतरी नाक ओढत होतं, तोंडावर हात दाबून, आवाज जाऊ नये अशा बेतानं.

अण्णा पुढं वाकले. माईक कुठला आणि स्पीकर कुठला हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जिथून लेक रडत होती त्या काळ्या डब्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि जाळीशी तोंड नेऊन म्हणाले, "सौंदू, मी हितंच हाय. कुटं बी जात न्हाय. तू बोल."

दानम्मानं माईक उचलला आणि त्यांना काही न सांगता त्यांच्या तोंडाजवळ धरून उभी राहिली.