वेणूबाईंची सही

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातली निम्मी मुलांच्या अक्षरावरून त्यांची अक्कल काढण्यात घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळं खापर मी बँकेवर फोडतेय असं कुणाला वाटायला नको. बँकेनं जे केलं ते केलंच. पण वेणूबाईंचे पैसे त्या बँकेत नेऊन टाकले ते मी, हट्टानं, रिक्षा करून.

वेणूबाई माझ्याकडे पोळ्या करतात. मूळच्या वाशीमकडच्या. नवरा गेला तशी कडेवरची पोर घेऊन पुण्यात आल्या, वारज्यात एक खोली घेतली आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पाच घरच्या पोळ्या धरल्या. ती कडेवरची पोर म्हणजे उत्कर्षा. यंदा बारावी झाली, नर्सिंगच्या प्रवेशाच्या यादीत नाव लागलं. पहिल्या वर्षाची फी एक लाख चाळीस हजार, एकरकमी, पंचवीस सप्टेंबरच्या आत. ती रक्कम वेणूबाईंनी अकरा वर्षं पोळ्या लाटून जमवली होती आणि आमच्या कोपऱ्यावरच्या सरकारी बँकेत ठेव म्हणून ठेवली होती.

वेणूबाई आधी अंगठा देत. मला ते बघवेना. दोन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी त्यांना रोज पोळ्या झाल्यावर ओट्यापाशी बसवून सही शिकवली. पंधरा दिवसांत त्यांना आपलं नाव लिहिता यायला लागलं. तोवर त्या मला काकू म्हणत, त्या दिवसापासून बाई म्हणायला लागल्या. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. लगेच त्यांना बँकेत नेलं, अंगठा रद्द करून सहीचा नमुना द्यायला लावला.

घोळ तिथंच झाला. नमुना दिला तेव्हा सही थरथरत होती. पुढं मीच गिरवून घेतल्यामुळं अक्षर सुधारलं, वळणदार झालं, आणि बँकेच्या नमुन्याशी जुळेना. जूनमध्ये ठेवीची मुदत संपली. आम्ही ते पैसे तिथल्याच बचत खात्यात जमा करून घ्यायला गेलो तर काउंटरवरचे गोपाळकृष्ण साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले की ही सही यांची नाही. मी म्हटलं, यांचीच आहे, मी शिकवलीय. ते म्हणाले, मग आधी शिकवलेली करायला सांगा. रांगेतली माणसं हसली. वेणूबाई मान खाली घालून उभ्या होत्या, आणि साहेब स्टॅम्पपॅड पुढं सरकवत म्हणाले, अंगठा द्या आणि मोकळ्या व्हा, कशाला ही नाटकं.

वेणूबाईंनी हातसुद्धा पुढं केला होता. मी तो धरून मागं घेतला. "अंगठा द्यायचा नाही," मी म्हणाले, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं. चार खेपा घातल्या, मॅनेजरशी भांडले, पण पैसे सहीवरच काढले. आणि त्याच तिरमिरीत माझं खातंही बंद केलं. पेन्शन, ठेवी, झाडून सगळं. जाताना तीन पानी पत्र लिहिलं. त्यात गोपाळकृष्ण साहेबांना 'आपण ग्राहकांवर करत असलेल्या उपकारांबद्दल' धन्यवाद दिले होते. ते पत्र मी सोसायटीत चार जणांना वाचून दाखवलं.

वेणूबाईंचं म्हणणं होतं की दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, पैसे घरात डब्यात ठेवते. मी त्यांना वेड्यात काढलं. कारण मला नवी बँक सापडली होती, सत्त्वधारा सहकारी बँक. काय सांगावं त्या बँकेचं! आत शिरलं की शाखाधिकारी आमोद खुर्चीतून उठून उभा राहायचा. म्हाताऱ्या माणसाला आधी पाणी, मग काम. भिंतीवर मोठा फलक होता: आम्ही दारू, गुटखा आणि सावकारीच्या धंद्याला कर्ज देत नाही. खाली मराठीत, शुद्ध मराठीत, ठेवीदार हेच मालक वगैरे. मी तो फलक दोनदा वाचला, एक चूक सापडली नाही. मला वाटलं, ज्यांचं लिहिणं इतकं स्वच्छ त्यांचा कारभारही स्वच्छच असणार. बघा माझी अक्कल.

वेणूबाईंनी फॉर्मवर सही केली तेव्हा आमोदनं कागद हातात घेऊन म्हटलं, किती सुंदर अक्षर आहे हो तुमचं. वेणूबाई लाजल्या. रिक्षात बसल्यावर पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुठल्या कचेरीत कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. ओळखदार म्हणून खाली माझी सही होती. माझा भाचा केयूर हिंजवडीत नोकरीला आहे, तो म्हणाला होता की मावशी, सगळी अंडी एका ठिकाणी नको, या बँकेचा व्याजदर जरा जास्तच वाटतोय. मी त्याला म्हटलं, तुला कम्प्युटर कळतो, मला माणसं कळतात. आणि सोसायटीतल्या नऊ जणांनाही पटवून तिकडं नेलं. वेणूबाई आणखी ज्यांच्याकडे पोळ्या करतात ती चारही घरं त्यात आली.

नऊ सप्टेंबरला सकाळी बँकेवर निर्बंध आले. सहा महिन्यांत खात्यामागं दहा हजारच काढता येतील अशी नोटीस दारावर चिकटवली होती. संचालकांनी दारूला, गुटख्याला कर्ज दिलंच नव्हतं, फलक खरा होता. त्यांनी आपल्या मेव्हण्यांना दिलं होतं, नसलेल्या कारखान्यांसाठी.

मी गेले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. आणि आमोद, देवा रे, आमोद ट्रे घेऊन रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाणी वाटत होता. माझ्यापाशी आला, डोळे सुजलेले. म्हणाला, बाई, पाणी घ्या.

"पाणी नको, आमोद," मी म्हणाले. "वेणूबाईंचे एक लाख चाळीस हजार द्या. पंचवीस तारखेला पोरीची फी आहे."

त्यानं सांगितलं की पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळतील, वेणूबाईंचा पैसा बुडणार नाही, फक्त तीन महिने लागतील. त्याच्या आईचे पैसेही तिथंच होते. त्याची कीव करायला हवी होती, ते मला जमलं नाही. माझे स्वतःचे एकवीस लाख होते. त्यातले सोळा गेल्यात जमा, हेही मला घरी आल्यावर सुचलं. आधी डोक्यात पंचवीस तारीखच होती.

त्या दिवशी वेणूबाई आल्या, त्यांना कळलेलं होतं. कणीक मळली, पोळ्या केल्या, ओटा पुसला. जाताना एवढंच विचारलं की बाई, पंचवीसच्या आत होईल ना हो? मी होईल म्हणाले. मी मास्तरीण, माझ्या आवाजात ठामपणा आपोआप येतो, त्याला कशाचा आधार लागत नाही.

मग पळापळ सुरू झाली. मागायचं कुणाकडे? ज्यांच्याकडे मागितले असते त्या सगळ्यांना मीच त्या बँकेत नेऊन बसवलं होतं. जिन्यात त्यांच्यातलीच पद्मजा भेटली तर तोंड फिरवून निघून गेली. तिच्या नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे तिथं होते. सोनं मी कधी घेतलं नाही, आईची एक बारीक साखळी होती ती विकली. केयूरनं तीस हजार दिले, एक अक्षर न बोलता, आणि ते न बोलणं मला फार लागलं. वेणूबाईंचे दहा आणि माझे दहा निघाले. सगळं धरून ब्याण्णव हजार झाले.

कॉलेजात गेलो तर तिथली बाई म्हणाली, पूर्ण भरा किंवा जागा सोडा, खाली चाळीस जण थांबलेत. उत्कर्षा माझ्या शेजारी उभी होती. इस्त्रीचा पांढरा सलवार-कुडता घालून आली होती, त्या दिवसापासूनच नर्स व्हायचं असल्यासारखी. शिक्षण-कर्जाची चौकशी केली, त्याला महिना लागत होता. ही सगळी धावपळ जूनमध्ये केली असती तर झालं असतं. जूनमध्ये मी पत्र लिहीत होते.

शेवटी तेवीस तारखेला मी जुन्या बँकेत गेले. गेले म्हणजे कशी गेले ते माझं मला ठाऊक. पेन्शनवर पन्नास हजारांचं कर्ज मिळतं असं ऐकलं होतं. गोपाळकृष्ण साहेबांनी मला बसायला सांगितलं. त्यांनी यापूर्वी कुणाला बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आपलं पत्र फायलीला आहे," ते म्हणाले. "अक्षर छान आहे."

मी ऐकून घेतलं. तेवढा हक्क होता त्यांना. मग त्यांनी दोन फोन केले, आत मॅनेजरकडे जाऊन आले आणि सरळ सांगितलं की पेन्शन आमच्याकडे नाही, तेव्हा कर्ज देता येत नाही. ती परत इकडे वळवायला दोन महिने लागतील. मी उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, त्या दिवशी अंगठा घेतला असता तर बाईंचे पैसे आमच्याकडंच राहिले असते हो. टोमणा असता तर मी परतवला असता. पण त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

पंचवीस तारीख गेली. सव्वीसला दुपारी यादीतली पुढची मुलगी त्या जागेवर आली. उत्कर्षानं रडारड केली नाही. आठवड्याभरात हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली, ताटं उचलायला. पहाटे साडेपाचला वारजे पुलाखाली बस येते. मी वेणूबाईंना म्हटलं, एकच वर्ष, पुढच्या वर्षी नक्की. त्या हो म्हणाल्या. पण उत्कर्षानं पुस्तकं रद्दीत दिली, हे मला सुरुचीकडून कळलं. ती वरच्या मजल्यावर राहते, तिच्याकडेही वेणूबाईच येतात.

माझ्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते, काम सोडलं असतं. तसं काही नाही. रोज साडेनऊला येतात, पोळ्या पूर्वीसारख्याच मऊ. मीच ओट्याकडे जायचं टाळते.

ऑक्टोबरच्या अखेरीस विम्याचे पैसे मिळण्यासाठी फॉर्म भरायचा होता. त्यात दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर लागतो. मी मनात ठरवून ठेवलं होतं की वेणूबाईंना बरोबर घेऊन जायचं, या वेळी नीट चौकशी करायची, खातं उघडून द्यायचं. तेवढं तरी माझ्या हातून व्हायला हवं होतं. मी फॉर्म आणून ठेवला, पेनसुद्धा नवं आणलं.

त्या दिवशी त्या तासभर उशिरा आल्या. मी म्हटलं, वेणूबाई, बसा, आज तुमचा फॉर्म भरून टाकू, खाली सही करा म्हणजे झालं. त्यांनी पिशवीतून एक कोरं पासबुक काढून टेबलावर ठेवलं. कोपऱ्यावरच्या त्याच जुन्या बँकेचं. आत त्यांचा फोटो होता, आणि फोटोखाली सहीच्या जागी जांभळा ठसा.

"एकटीच जाऊन आले, काकू," त्या म्हणाल्या. "अंगठा दिला. पाच मिनिटांत झालं."

मी मान हलवली. त्यांनी नळाखाली हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले, आणि परातीत पीठ घेतलं. शाई सगळी निघाली नव्हती. मी तिथंच खुर्चीत बसून त्यांना कणीक मळताना बघत राहिले, आणि नव्या पेनाचं टोपण उगीच उघडत-मिटत होते.